दिवे गेले की जाग येते

तैपेई, ६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

"फूल दिवस मोजत नाही गं, रात्र मोजतं." आईचं हे वाक्य तुला आठवतं? मी सात-आठ वर्षांची असेन. अंधारात ठेवलेल्या वाफ्यात बॅटरी घेऊन बेडूक शोधत होते. आईने मागून येऊन बॅटरी हिसकावली. मला वाटलं, आता मार बसणार. पण ती माझ्याशेजारी बांधावर बसली आणि म्हणाली, रात्र लांबली की शेवंतीला थंडी आल्याचं कळतं, मग ती कळी धरते. आपण रात्रीच्या मधोमध दिवे लावून तिची रात्र तोडतो, म्हणून ती थांबते. आपल्याला हवं तेव्हा दिवे बंद केले की सणाला उमलते. तुझ्या बॅटरीने तिचा हिशेब चुकेल.

हे वाक्य गेल्या आठवड्यात माझ्या तोंडून भर फुलबाजारात बाहेर पडलं. आमच्या गाळ्यावर डॉ. गाओ नावाच्या बाई येतात, पांढरी शेवंती नेतात. त्या एका इस्पितळात मधुमेहावर काम करतात. त्या सांगत होत्या, की रात्री उजेडात झोपणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त आढळतो. शरीरालाही रात्र कळावी लागते. उजेड डोळ्यांवर पडत राहिला की आतलं घड्याळ गोंधळतं आणि साखर पचवण्याचं काम बिघडतं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या शेवंतीसारखंच की!" त्या हातातली जुडी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आम्ही दोघी बोलतच सुटलो. पलीकडच्या गाळ्यावरचा म्हातारा ओरडला, "फुलं विकताय की लग्न ठरवताय?"

ताई, आई त्या दिव्यांच्या मधोमध पन्नास वर्षं झोपली. आणि मधुमेहाने कापावा लागलेला तिचा पाय आपण दोघींनी मिळून जाळला, तिच्या आधी. डॉक्टरबाई म्हणतात, एकट्या उजेडावर सगळं ढकलायचं नाही, खाणं आहे, रक्तातून आलेलं आहे. पण उजेड हा एक असा धागा आहे जो आपल्या हातात आहे. खिडकीला काळं कापड लावलं की झालं!

मागच्या पत्रात तू सहज एक ओळ लिहून मोकळी झालीस: "साखर काठावर आहे म्हणे. काठावर म्हणजे अजून पाण्यात नाही ना." माझी झोप उडाली त्या ओळीने.

तुझी फुलं इथे आणणाऱ्या आ-तुंगच्या ट्रकमधून रिकाम्या खोक्यांबरोबर एक पट्टा पाठवतेय. मनगटावर बांधायचा. किती उजेड पडतो ते तो लिहून ठेवतो. झोपताना हात पांघरुणाबाहेर. दोन आठवड्यांनी आ-तुंगकडे परत दे. नाही म्हणू नकोस.

तुझी वान-रू


त्येन-वेई, १० नोव्हेंबर

वान-रू,

पट्टा मिळाला. बांधला. आ-तुंग म्हणाला, "मावशी, नवं घड्याळ? किती वाजले?" मी म्हटलं, वेळ नाही दाखवत, मी किती वेडी बहीण पोसलीये ते दाखवतं.

तू लहानपणापासून अशीच. काही कळलं की लगेच घरभर धावत सुटायचीस. पण खरं सांगू, पत्र मी दोनदा वाचलं. आईच्या त्या वाक्याची मलाही आठवण होती, पण ते तिने तुला सांगितलं होतं हे माहीत नव्हतं. मला तिने नुसती बॅटरी फेकून मारली होती.

गोड चहा सोडला. भाताचा वाडगा निम्मा केला. रताळं खाताना अपराध केल्यासारखं वाटतं. आता उजेडही सोडायचा का? मग उरलं काय?

एप्रिलमधल्या छिंगमिंगला काढायची शेवंती लावून झाली. या वेळी पांढरी जास्त लावली, समाध्या झाडायच्या दिवशी लोकांना पांढरीच हवी असते. दिवे दहा ते दोन. शेजारचा लुओ, आपला खेकडा, त्याचेही लागलेत. आमच्यामधलं काळं कापड मी या वर्षी नवीन बांधलं, दुप्पट उंच. तीन वर्षांपूर्वी त्याच्या शेवटच्या ओळीचे दिवे माझ्या अंधारातल्या वाफ्यावर पडून माझी कळीच धरली नाही, आणि वर तो म्हणतो कसा, "तुझ्या शेवंतीला उजेड आवडत असेल." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. आता त्याचं थोबाडही दिसत नाही, छान वाटतं.

खोक्यात तळाशी पेरू आहेत. तू खा, तुझी साखर ठीक आहे.

ताई


तैपेई, २६ नोव्हेंबर

ताई, ताई, ताई!

पट्टा वाचला गेला. डॉ. गाओ मला इस्पितळात घेऊन गेल्या, पडद्यावर दाखवलं. प्रत्येक दिवसाची एक रेघ असते. उजेड असला की रेघ वर चढते, अंधार असला की जमिनीला चिकटते. बाकीच्या लोकांची रेघ रात्री जमिनीला चिकटलेली. आणि तुझी! रात्री दहाला उडी मारून वर, दोनपर्यंत वरच. तिथली एक मुलगी म्हणाली, "या बाई दुकानात झोपतात का?" मी म्हटलं, नाही, फुलांच्या शेतात. तिला वाटलं किती सुंदर.

मला भीती वाटली आणि आनंदही झाला. आनंद कसला, असं विचारशील. आईच्या वेळी काय करायचं ते आपल्याला कोणी सांगितलं नाही, आपण नुसतं बघत राहिलो. या वेळी समोर एक रेघ आहे आणि ती खाली आणता येते! तुझ्याकडे तर काळं कापड गठ्ठ्याने पडलंय, उन्हाळ्यात फुलांवर घालतेस तेच. एक तुकडा काप, खिडकीवर ठोक. फुलांना रात्र देतेस, स्वतःला दे.

पट्टा पुन्हा पाठवतेय. तीन आठवडे बांध. फेब्रुवारीत रक्त तपासलं की बघच.

वान-रू

ता. क. पेरू फार गोड होते. गाळ्यावरच्या म्हाताऱ्याने तीन पळवले.


त्येन-वेई, १ डिसेंबर

वान-रू,

लावलं कापड. झालं समाधान?

थंडी पडलीये. दिवे ठीक आहेत.

ताई


तैपेई, २२ डिसेंबर

माझी शहाणी ताई,

मी आज दिवसभर हसतेय. तुझी रेघ! एकदम सपाट! डॉ. गाओंनी फोन केला, म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने कमाल केली, इतका गडद अंधार आम्ही कोणाकडेच पाहिला नाही." मी गाळ्यावर सगळ्यांना सांगितलं. म्हाताऱ्याला एक जुडी फुकट दिली. मला सारखं वाटतंय की आई कुठूनतरी बघतेय आणि म्हणतेय, चला, एकीला तरी कळलं.

आज दोंगझी, वर्षातली सगळ्यात लांब रात्र. तू तांदळाच्या गोळ्या केल्यास का? एखादी खाल्लीस तरी चालेल. आज तुझी रात्र सगळ्यात लांब आणि सगळ्यात काळी असेल, म्हणून खूप

(दुसऱ्या दिवशी)

ताई. पत्र अर्धं राहिलं होतं. डॉ. गाओंचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज जरा वेगळा होता. त्यांनी रेघ नीट पाहिली.

दुपारी बारालाही अंधार आहे.

सकाळी आठला अंधार. आ-तुंगचा ट्रक भरतेस तेव्हा अंधार. तीन आठवडे सूर्यच उगवला नाही. ताई, तू शेतकरी आहेस की घूस?

तू पट्टा कापडात गुंडाळलास ना?

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे. पण मला फक्त एवढं सांग, का? खिडकीवर एक कापड ठोकायला इतकं काय जड गेलं?

वान-रू


त्येन-वेई, २८ डिसेंबर

वान-रू,

हो. कापडात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवला होता. दिवसा बाहेर काढायचं डोक्यातच आलं नाही. फुलांवर कापड घातलं की आपण ते रोज संध्याकाळी ओढतो आणि सकाळी काढतो, तेवढी अक्कल मला पट्ट्याच्या बाबतीत सुचू नये! आ-तुंगला सांगितलं तर तो ट्रकवर डोकं टेकून हसला.

आता का ते सांगते. तुला माहीत नाही, कारण पाय जाळून तू तैपेईला परतली होतीस आणि आम्ही तुला सांगितलं नव्हतं.

आईच्या पायाचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात मी आणि तुझे भावोजी आळीपाळीने इस्पितळात झोपत होतो. घरी कोणी नव्हतं. दक्षिणेच्या वाफ्यांचा फ्यूज उडाला. दिवसा कोणाला कळतंय? रात्री बघायला कोणी नाही. आठवडाभराने लक्षात आलं, तोवर शेवंतीला लांब रात्री मिळून गेल्या होत्या. कळ्या धरल्या. सगळं शेत छिंगमिंगच्या कितीतरी आधी उमललं, जेव्हा कोणाला फुलं नको होती. आईला घरी आणलं, तिने गाडीतून पाहिलं, सगळीकडे पांढरंच पांढरं. तिला वाटलं तिच्यासाठीच उमललंय. "किती छान," म्हणाली. आम्ही तिला काही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी खिडकी उघडी ठेवून शेताकडे तोंड करून झोपते. लोकांना उजेड आला की जाग येते. मला उजेड गेला की येते. एका क्षणात! दोनला दिवे आपले आपण बंद होतात तेव्हाही येते, घड्याळ बघते आणि पुन्हा झोपते. भावोजी होते तोवर एक रात्र ते, एक रात्र मी. माझी पाळी नसायची त्या रात्री मी आईला शेवटी ठेवलं होतं त्या मागच्या खोलीत झोपायचे, तिथे खिडकीच नाही. आता रोज माझीच पाळी.

आणि दिवे गेले की वाजणाऱ्या घंटेचं म्हणशील, तर ती पुतण्याने बसवून दिली होती. एक बल्ब गेला तरी वाजायची, पाल चालली तरी वाजायची. चौथ्या दिवशी मी तिला मडक्यात कोंबली.

तर वान-रू, कापड ठोकलं तर शेत जाईल. नाही ठोकलं तर मी. हे मी तुला कसं लिहिणार होते?

मागच्या आठवड्यात इथल्या दवाखान्यात रक्त दिलं. काठावरून थोडी पुढे गेलीये म्हणाले. महिन्याने पुन्हा बघतील, तेव्हाही तीच आली तर गोळ्या. घाबरू नकोस.

ताई


तैपेई, २ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी खोक्यांवर बसून वाचलं, आणि मग फुलं मोजताना दोनदा चुकले. 

मला वाटायचं, मी तुझी काळजी करते. आता कळलं, मी नुसती उत्साही होते. तू इतकी वर्षं एक डोळा उघडा ठेवून झोपतेस आणि मी तुला म्हणाले, कापड लावलं की झालं. आईला "किती छान" म्हणताना पाहिलं असेल तेव्हा तू काय गिळलं असशील, याचाच विचार करत होते.

पण रडून झालं आणि डोक्यात पुन्हा ते सुरू झालं, तू ज्याला धावत सुटणं म्हणतेस ते. ऐक! तुला रोज जागायचं नाहीये. भावोजी असताना तुझी साखर ठीक होती, आठवतं? तेव्हा दिवेही तेच होते, खिडकीही तीच. फरक एवढाच की एकाआड एक रात्र तुझी होती. त्याने साखर ठीक होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही, डॉ. गाओही सांगणार नाहीत. पण त्या म्हणाल्या, "अर्ध्या रात्री मिळाल्या तरी मी घेईन."

म्हणजे तुला एक माणूस हवा, ज्याच्या खिडकीतून तुझं शेत दिसतं. मी येऊ शकत नाही, माझा बाजार रात्रीच भरतो आणि माझी स्वतःची रेघ काही कौतुकाची नाही. पुतण्या गावात राहतो. मी मनातल्या मनात तुझ्या शेताभोवती फिरले. उत्तरेला कालवा. पूर्वेला रस्ता. दक्षिणेला भात.

आणि पश्चिमेला खिडकी आहे, ताई. एकच. मधे फक्त तुझं कापड आहे.

ओरडू नकोस.

वान-रू


त्येन-वेई, ७ जानेवारी

वान-रू,

खेकड्याला विचारू? त्यापेक्षा मी बेडकांना विचारेन. ते निदान रात्री जागे असतात.

हे सगळं मी परवाच लिहून ठेवलं होतं, दीड पान शिव्या. ते फाडलं. कारण काल रात्री जे झालं ते तुला लगेच सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, हात बघ कसा धावतोय.

मी झोपले होते. जाग आली. पाहते तर माझे दिवे जळतायत. मग जाग कशाने आली? कापडाच्या वरून रोज एक तांबूस उजेड दिसतो, त्याच्या शेताचा. तो नव्हता. त्याचा फ्यूज गेला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी कूस बदलली. म्हटलं, उमलू दे खेकड्याची फुलं, आवडत असेल त्यांना अंधार. पण डोळा लागेना. त्याच्या पांढऱ्या वाफ्यांना आमच्या त्या दक्षिणेच्या वाफ्यांसारखं होताना मला दिसायला लागलं. वान-रू, मी उठले, बादली आणि पळी घेतली आणि कुंपणाशी जाऊन बडवायला लागले. तोंडाने एक शब्द नाही, अजून बोलत नाही ना आम्ही! नुसतं ढण ढण ढण. गावातली कुत्री उठली. पलीकडून आवाज आला, "कोण मेलं?" मी आणखी जोरात बडवलं. मग धावणारी पावलं, शिव्या, स्वतःलाच दिलेल्या, आणि थोड्या वेळाने दिवे लागले. 

मी अंगणात उभी राहून हसत होते. अशी मी भावोजी गेल्यापासून हसले नव्हते.

आज सकाळी कुंपणाच्या खांबाला मुळ्यांची जुडी लटकत होती. चांगले जाड मुळे, धुतलेले. चिठ्ठी नाही, काही नाही.

मुळ्यांनी साखर वाढत नाही ना? विचारून कळव.

ताई


त्येन-वेई, ८ जानेवारी

लुओदादा,

मुळे मिळाले. सूप चांगलं झालं. मीठ तुम्ही घालता तेवढं घातलं नाही, असं हे असते तर म्हणाले असते.

हे पत्र कुंपणावर ठेवून मी आत जाणार आहे, कारण समोरासमोर आपण दोघं पुन्हा त्या शेवटच्या ओळीच्या दिव्यांवर येऊ, आणि त्या बाबतीत माझंच बरोबर आहे.

सकाळी उठून तुम्ही पाहिलं असेल, मधलं काळं कापड मी काढलं. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. ते माझ्या खिडकीवर ठोकलंय. माझी साखर काठ ओलांडायला निघालीये. तैपेईतल्या डॉक्टर म्हणतात, मला अंधारात झोपायला हवं, शेवंतीला फुलण्याआधी हवा असतो तसा. आईचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. तिची खुर्ची गाडीतून तुम्हीच उतरवली होतीत, ते मी विसरलेले नाही.

आता आपले दोघांचेही वाफे उजेडात आहेत, त्यामुळे कापड नसल्याने कोणाचं नुकसान नाही. महिनाअखेरीला दिवे बंद करू तेव्हा नव्याने भांडू. तोवर तुमच्या खिडकीतून माझं शेत दिसतं आणि माझ्या स्वयंपाकघरातून तुमचं. एक रात्र मी तिथे खाट टाकून दोघांचे दिवे बघेन, एक रात्र तुम्ही बघा. दिवे गेले तर बादली बडवायची. बोलायची गरज नाही.

आणखी एक, हे लिहू की नको असं झालं होतं. हल्ली तुम्ही शेतात पाण्याची ती मोठी बाटली घेऊन फिरता आणि दुपारपर्यंत ती रिकामी होते. आईचंही तसंच सुरू झालं होतं. एकदा रक्त तपासा. तुमच्या पाळीनंतरच्या रात्री तुम्हालाही अंधार मिळेल, म्हणून फायदा फक्त माझाच आहे असं समजू नका.

तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. तीन वर्षांत मी तुमच्याशी एकही बरा शब्द बोललेले नाही, आणि तुमच्या जागी मी असते तर हे पत्र वाचून चुलीत घातलं असतं. कापड मात्र मी परत बांधणार नाही. खिळे खोल गेलेत.

तरी विचारते. आज रात्री मी त्या कापडाआड दार लावून झोपायला जातेय. फक्त आजची एक रात्र माझे दिवे बघाल?

छ्यू-शिया